गंगव्वाची खुर्ची

२१ नोव्हेंबर २००२
चंदगडहून यष्टीनं वाडीत. दारिद्र्यरेषेचा सर्व्हे यंदा आम्हा शिक्षकांच्या गळ्यात. हुकूम एकच, घरात दिसेल ते लिहा. शेवटचं घर गंगव्वाचं. विधवा, काजू सोलायला जाते. पण घरात खुर्ची, टेबलफॅन (थंडीतही माझ्यासाठी चालू), अंगावर कोरं लुगडं. स्टीलच्या पेल्यात चहा. दिसलं ते लिहिलं. चहा फक्कड होता.

७ मार्च २००३
यादी लागली. गंगव्वा नाही. म्हणजे पिवळं कार्ड गेलं, स्वस्त तांदूळही. पंखा असलेली बाई गरीब कशी, असं शाळेत मीच बोलले.

१२ मार्च
गंगव्वा शाळेत आली. ठिगळाचं लुगडं. म्हणाली, "बाई, खुर्ची शेजारच्या सुमनची व्हती. पंखा बी. पावण्यास्नी भुईवर कसं बसवायचं?"
भांडली असती तर बरं झालं असतं.
आता तो पेला आठवतो. त्यावर नाव कोरलेलं होतं, सौ. सुमन. माझा अंगठा त्या नावावरच होता. पोरांना अक्षर न् अक्षर वाचायला लावणारी मी.

४ एप्रिल
तहसीलला अर्ज दिला, चूक माझी म्हणून. साहेब म्हणाले, ठेवून जा.
वर्गात खुर्चीवर बसवत नाही. उभ्यानंच शिकवते. पोरं विचारतात, पाय दुखत न्हाईत का?

१८ जून
सुमन बाजारात भेटली. गंगव्वा हल्ली एकदाच जेवते म्हणाली. घरी ताटात भात वाढला आणि गंगव्वाचं तोंड समोर. उठले.

३० जून
फेरतपासणी मंजूर! ग्रामसेवक येणार, मीही जाणार. सुमनकडून गंगव्वाला निरोप दिला, घरात काही आणू नको, आहे तसं दिसू दे. दोनदा बजावलं.

३ जुलै
ग्रामसेवकांबरोबर गेले. दारातूनच दिसली. खुर्ची.
गंगव्वा हळूच म्हणाली, "पंखा न्हाई आणला, बाई. तुमचं ऐकलं. पर खुर्ची तरी नको व्हय?"
मी भुईवर बसले. खुर्ची सुमनची आहे हे सांगितलं, आलेल्या चहाच्या पेल्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. ग्रामसेवक म्हणाले, "समदी असंच सांगत्यात, बाई."
मग ग्रामसेवक त्याच खुर्चीवर टेकले. चहा घेतला. मांडीवर कागद ठेवून बराच वेळ लिहीत होते. काय लिहिलं ते दाखवलं नाही.