पितो की

खालापूर, मंगळवार, ऑक्टोबर १९७८

कंपनीची बाजू आज मी कोर्टात चोख मांडली. तरी तो एक 'की' डोक्यातून जात नाहीये.

कारखान्याच्या पाण्यानं विहीर नासली म्हणून कुंभिवलीच्या हौसाबाईनं दावा लावलाय. उलटतपासात मी विचारलं, "त्याच विहिरीचं पाणी पिता ना?"

"पितो की, सायेब! दुसरं कुठं हाय?"

"विचारलं तेवढंच सांगा," मी दटावलं. न्यायाधीशांनी लिहून घेतलं, 'मी सदर विहिरीचे पाणी पिते.' झालं. पाणी पिण्याजोगं आहे, असं आता मला म्हणता येईल. आणि मी म्हणणारच. पक्षकारासाठी एवढं करावंच लागतं... लागतं ना? पण तो 'की' कागदावर आलाच नाही. मीच येऊ दिला नाही.

बाहेर पडताना तिनं मलाच विचारलं, "सायेब, माजं काय चुकलं का?" मी बॅगेत काहीतरी शोधत राहिलो.

घरी आल्यावर हिनं चहा देत विचारलं, "आजचं काम चांगलं झालं ना?"

"झालं की," मी म्हणालो.

ही तिथंच थांबली. "काय झालं?"

हिला तो बरोबर ऐकू आला.