बिनशेपटीचे राघू

प्रताप नगर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप तुळसाताईस,
धाकट्या चंपतचा वाकून नमस्कार. वि. वि.

आज दुपारी पडल्या पडल्या आईचा आवाज ऐकू आला. तीन भर, एक सोड, दोन भर. ती नमुन्याच्या कागदावरचे चौकोन मोजून सांगायची, तू दोसुतीच्या कापडावर फुलीचे टाके घालायचीस, आणि ताणलेल्या कापडातून सुई निघताना टच् असा बारीक आवाज यायचा. सावनेरच्या शाळेत मास्तर छडीने ताल धरून कविता म्हणवून घेत, आईचं मोजणंही त्याच चालीत असे. मला अजून चालीशिवाय मोजता येत नाही.

आमच्याकडेही तीच पद्धत आहे. शामलाला कागद आणि कापड दोन्हीकडे बघणं जमत नाही. म्हणून मधल्या रेघेपासून एकेका बाजूचे चौकोन मी वाचतो आणि ती भरते. नात मिनल नव्या घरात राहायला जाते आहे. तिच्या दारासाठी आईच्याच नमुन्यातलं जोडीजोडीच्या राघूंचं तोरण भरायला घेतलंय.

आता जे लिहितो ते तुझ्या जितेंद्रलाही सांगू नको. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखंही नाही. शामलाचं विसरणं सुरू झालं आहे, ताई. प्रत्येक जोडीतल्या डाव्या राघूला शेपूटच नाही. जिच्या कामाची उलटी बाजू सुलटीसारखी दिसते, तिच्या हातून हे. परवा पानात चटणी नव्हती. मी म्हणालो, तर तिने माझं ताट जरा फिरवलं, आणि चटणी होती. कधी वाढली मला कळलंही नाही. वर माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मीच काही विचित्र बोललो.

रागावलो नाही. घाबरलो. माझ्या शाळेतल्या कविता ऐकून घेणारं या घरात दुसरं कोण आहे? वीस तारखेची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिला अजून बोललो नाही. काय सांगून नेऊ?

तोरण आणि नमुना जितेंद्रच्या हाती पाठवतो. नीट बघ आणि खरं ते कळव. गोड लिहू नको.

तुझ्या मायेतला,
चंपत

—

सावनेर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. चंपतले आणि शामलाले पोटभर आशीर्वाद.

तोरण भेटलं. चष्मा पुसू पुसू पाहिलं. शामलाचा टाका सरळ हाय, मागं कुठं गाठ नाही. काहून तिच्या डोक्याले दोष देऊन राहिला गा तू? विसरणारं माणूस कुठंबी विसरते. कधी चोच, कधी पंख. इथं दरवेळी शेपूटच राहिली, अन् कागदावर ती पार डाव्या कडेले हाय. ते चौकोन वाचायचे कोणी होते?

चटणीचं तूच लिहिलं. पानात चटणी कोणत्या बाजूले वाढतात? ताट फिरवलं तवाच तुले काहून दिसली?

चंपत, बाबाची नजर अशीच कडेकडेनं गेली. काचबिंदू. समोरचं दिसे म्हणून ते कोणाले बोलले नाही, अन् बोलले तवा फार उशीर झाला होता. वीस तारीख मोडू नको, डॉक्टर बदल. डोळ्याचा पाह्य, अन् नाव तुझं सांग. स्कूटरले हात लावू नको. शामलाशी बोल. कविता म्हणत बसून वेळ काढू नको, लहानपणापासून तुले ती खोड हाय.

तुझ्यावर जीव हाय म्हणून बोलली. तूबी तसाच ठेव.

तुळसाताई

—

प्रताप नगर, नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप ताई,
नमस्कार.

तुझं पत्र शामलाला वाचून दाखवलं. वाचताना प्रत्येक ओळीचा आरंभ मला मान वळवून शोधावा लागत होता, ते ती बघत होती. शेपटीचं तिला केव्हाच कळलेलं होतं. मग बोलली का नाहीस, असं विचारलं. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेवढं भरलं. चूक दाखवली असती तर तुम्ही वाचणं सोडलं असतं."

मला वाटत होतं तिची आठवण चालली आहे, आणि तिला वाटत होतं माझी. एकमेकांना जपता जपता आम्ही मिनलचे राघू बिघडवत होतो.

आज वीस तारीख. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नाव घातलंय. शामला सकाळपासून साडी बदलून बसली आहे, पण मी जाणार नाही. बाबांना डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मी दाराआडून ऐकलं होतं. तेच शब्द परत ऐकायला पाय उचलत नाही. अजून समोरचं दिसतंय, शामला दिसते आहे. थोडे दिवस असेच जाऊ दे. मिनलचं तोरण एकदा लागू दे, मग

बेल वाजली. बघून येतो.

ताई, दार उघडलं तर कोणी नव्हतं. लावून घेत होतो, तेवढ्यात डाव्या अंगाने एक काठी फटीत आडवी आली. गुडघे धरल्यापासून तू आमचे दोन जिने चढली नव्हतीस. आता समोर घाम पुसत बसली आहेस, मांडीवर तोरण आहे. मी न येण्याची कारणं सांगतो आहे, आणि त्यातलं तुला एकही ऐकू येत नाही. शामला तोंडाला पदर लावून हसते आहे.

म्हणून हे लिहून तुझ्या हातातच देतो. येतो मी. जिना उतरताना माझ्या डाव्या बाजूला राहा.

तुझा,
चंपत