चौथ्या ओळीवरची खूण

प्रिय क्रिस्टिन,

पाकिटात तळाशी काहीतरी खुळखुळतंय ना? राहू दे. आधी पत्र वाच. लहानपणी तू भेटीचा कागद आधी फाडायचीस आणि चिठ्ठी तशीच पडायची, म्हणून सांगते.

उद्या डॉक्टरकडे जायचंय. ते 'गाडी चालवा' म्हणाले की जूनमध्ये तुझी मारेन तीन आठवडे माझ्याबरोबर फिरायला येणार, असं आपलं ठरलंय. मोडलेला घोटा आता उत्तम आहे. आत पट्टी आणि सात स्क्रू आहेत, पण प्लास्टर निघाल्यापासून रोज सकाळी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पन्नास वेळा ब्रेक दाबते आणि कळ येत नाही. परवानगी मिळणार याची मला खात्री आहे. म्हणूनच तर जीव धास्तावलाय.

आठ आठवडे या एकोणीस फुटांच्या चाकांवरच्या घरात कसे काढले ते फोनवर हसत हसत सांगितलं, पण सगळं नाही सांगितलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढता येईना, तेव्हापासून जेवणाचं टेबल खाली पाडून त्यावर झोपते. दाराच्या दोन पायऱ्या बसून, सरकत सरकत उतरते. बाहेर कुबड्या रेतीत रुततात. आत सगळं हाताशी, म्हणून इस्पितळातल्या नर्सला मी ऐटीत म्हणाले होते की माझ्याइतकं सोयीचं घर कुणाचं नसेल. आणि पहिल्याच आठवड्यात संडासाची टाकी भरली! ती रॉइसने उचलून नेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणतो, "अगं बाई, तीस वर्षं शाळेची बस चालवली मी. पोरांच्या ओकाऱ्या पुसल्यात. तुझ्या टाकीचं काय घेऊन बसलीस?" शेजारच्या गाडीतला नेब्रास्काचा म्हातारा गं, बाबांचा पत्त्यांतला जोडीदार.

या सरकारी माळावर चौदा दिवसांच्या वर थांबू देत नाहीत, आणि माझा तर उजवाच पाय प्लास्टरमध्ये होता. मग दर खेपेला रॉइस आधी माझं घर नव्या जागी सोडायचा आणि कुणाच्या तरी गाडीतून परत जाऊन स्वतःचं आणायचा. मी मागे उशीवर पाय टाकून आडवी, कपाटात बशा खडखडतायत, आणि माझं घर हाकतंय दुसरंच कुणी. बाबा गेल्यापासून त्या सीटवर मी कुणाला बसू दिलं नव्हतं. दाराशी बाबांनी टांगलेली यादी आठवते? एका बाजूला निघताना बघायच्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला थांबल्यावरच्या, आणि प्रत्येकीसमोर मेणखडूने खूण करायची. रॉइस ती मोठ्याने वाचायचा. मी वैतागायचे, "पाठ आहे रे मला, म्हाताऱ्या!" तो म्हणायचा, "पाठ आहे ना, त्याचीच भीती वाटते."

आता ऐक. ओल्या पायरीवरून घसरले, असं मी तुला सांगितलं. वाळवंटात पायरी ओली कशी, हे तू विचारलं नाहीस. तू काळजीत होतीस आणि मी त्याचा फायदा घेतला.

खरं असं झालं. नव्या जागेला थोडा उतार होता. मी गाडी लावली, यादी घेतली, ओळीओळीला खूण केली आणि चाकांना दगड लावायला खाली उतरले. तेवढ्यात गाडी हलली. खाली वीस पावलांवर रॉइस पाठमोरा कॉफी पीत बसलेला. मी बोंबलत धावले, दार धरून चढायला गेले, पाय पायरीत अडकला आणि कडकन मोडला. माझ्या ओरडण्याने रॉइस उठून बाजूला झाला. खुर्ची राहिली. गाडी तिच्यावरून गेली आणि खडकाला टेकून थांबली. मी म्हटलं, ब्रेक निसटला असेल. त्याने आत जाऊन पाहिलं. गिअर टाकलेला नव्हता, हातब्रेक ओढलेला नव्हता. आणि यादीत चौथ्या ओळीवर, 'हातब्रेक'समोर, माझ्या हातची ठसठशीत खूण.

ती खूण केल्याचं मला आठवतं, क्रिस्टिन. ब्रेक ओढल्याचंही आठवतं. रात्रंदिवस तेच पोखरतंय मला.

एकदा होतं कुणाचंही, अशी मी मनाची समजूत घातली. तिसऱ्या आठवड्यात निघताना रॉइसने विचारलं, "गॅस बंद?" मी ठणकावून सांगितलं, "बंद!" समोर खूणही होती. त्याने वाकून शेगडीचं बटण बघितलं. चालूच होतं; त्याने बंद केलं. सगळ्या खिडक्या उघडल्या. मग जाऊन ती चेपलेली खुर्ची आणली आणि माझ्या दाराला टेकवून ठेवली. म्हणाला, "असू दे इथे. तुझी नात साधारण हिच्याएवढी असेल ना?" आणि मग, "पाय मोकळा व्हायच्या आत लेकीला लिही. नाहीतर मी फोन करीन. लेकरांच्या बाबतीत मी मैत्रीबित्री बघत नाही." मी त्याला भोचक म्हटलं, चोंबडा म्हटलं, तोंडाला येईल ते बोलले. चार दिवस अबोला धरला. टाकी न्यायला तो तरीही येत राहिला.

उद्या डॉक्टर फक्त पाय बघतील. डोक्याचं कुणी विचारणार नाही आणि मी सांगणार नाही, मी स्वतःला ओळखते. परवानगीचा कागद हातात पडला की हे पत्र लिहिलंच जाणार नाही, म्हणून आज लिहितेय. मारेनला माझ्या भरवशावर पाठवू नकोस. तिला घेऊन तू ये. बाबा गेल्यापासून चार वर्षं तू या गाडीवर राग धरलास, एकदाही आत पाऊल टाकलं नाहीस. आता चालवायलाच बस. दुसरा गिअर जरा अडतो, दामटू नकोस. मी शेजारी बसेन, मारेन यादी वाचेल, आणि प्रत्येक ओळ तू स्वतः जाऊन बघ, माझ्या खुणेवर विसंबू नकोस. डोक्याचा डॉक्टरही तूच शोध. मी येईन, कटकट करीन, पण येईन. मला भीती वाटते गं. पाकिटात गाडीची किल्ली आहे. दुसरी रॉइसकडे, आणि ती तो मला देत नाही. आत्ता तो पत्र टाकायला दारात उभा आहे. "किल्ली टाकलीस?" विचारतो. "टाकली," म्हटलं. तरी मेल्याने पाकीट हातात घेऊन चाचपून बघितलं. बरं केलं.

तुझीच,
आई