शाळेच्या नावाची फळी

९ जानेवारी १९८४, टिळकवाडी, बेळगाव

स्टाफरूममधे नोटीस लागली. २२ तारखेला सहल, गोव्याला, हरमलच्या किनाऱ्यावर. खाली हेडसरांच्या वळणदार अक्षरात 'किनाऱ्यावर करावयाच्या गोष्टी'. पुरुष शिक्षक: समुद्रस्नान, रस्सीखेच, होडीतून फेरी. भगिनीवर्ग: न्याहारीची मांडणी, वाळूत रांगोळी, भक्तिगीते, सामान व कपड्यांची राखण.

राखण! गेल्या साली पण हेच. नऊ जणांच्या पँटी मांडीवर घेऊन तीन तास उन्हात बसलते. समोर एवढा समुद्र आणि मी यांची घड्याळं सांभाळतीय. बी.एड. याच्यासाठी केलं व्हय?

बोलले काहीच नाही. चार वर्षं टेंपररी. मार्चमधे कमिटी कायम करणार, तेही हेडसरांच्या शेऱ्यावर. स्वतःचाच जास्त राग येतो. यापुढं 'हेडसर' न लिहिता नुसतं 'हे.' लिहिणार. पूर्ण लिहायची लायकी नाही त्यांची.

१२ जाने.

धीर करून हे.ना विचारलं, "सर, आम्हालाही पाण्यात उतरायचं आहे." हसले. "उतरा की, पाय ओले करा. पण तुम्हाला पाण्याची सवय कुठली, बाई?"

बाकीचे पण हसले. कशाला हसले ते त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक. माझं आडनाव सगळ्यांना पाठ आहे.

पोहता येत नाही हे खरं. पण का येत नाही ते...

१५ जाने., निपाणी

घरी आले. आप्पांना सगळं सांगितलं. जन्म तंबाखूच्या वखारीत गेला त्यांचा, वाटलं चिडतील. शेंगा फोडत म्हणाले, "आमच्या वक्ताला गावात विहीर व्हती, आमाला न्हवती. उन्हाळ्यात समदी पोरं भोपळा बांधून उड्या टाकायची. आमी लांब बांधावर, त्यांची म्हसरं राखत."

म्हणजे राखण घरातच आलीय आमच्या! हे आजवर कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. वर मलाच दटावलं, "तू आदी कायम हो. मग बुड कुटं बुडायचं तितं."

२३ जाने.

काल पहाटे निघालो. आंबोली उतरून हरमल. ग्रुप फोटोसाठी हे.नी शाळेच्या नावाची फळी आणलेली. सागवानी, चार फूट, पिवळी अक्षरं. फोटो झाला, पुरुष पाण्यात. फळी माझ्याजवळ, कपड्यांच्या ढिगावर. "फळीला जपा हं, बाई."

पाणी शांत, लांबपर्यंत कमरेएवढंच. लाटा म्हणजे म्हशीनं अंग झटकावं तेवढ्या. एक गोरी बाई, पन्नाशीची असेल, फळीवर पालथी पडायची, लाट आली की सरळ वाळूवर. उठायची, हसायची, परत आत. तिला कोणी सवय विचारत नव्हतं.

शेजारी आमच्या मराठीच्या मालतीबाई, दोन वर्षांत रिटायर होणार, भेळेचा कांदा चिरत होत्या. मी कुठं बघतीय ते त्यांनी बघितलं. "जा गं बाई एकदाची. कपडे मी बघते."

पदर खोचला, फळी उचलली आणि गेले.

पहिल्या लाटेनं उलटंच केलं. नाकातोंडात खारट पाणी. दुसरीनं फळी हिसकावली. लई घाबरले, पण राग एवढा की मागं फिरवेना. गोऱ्या बाईनं फळी पोटाखाली सरकवून दिली, हातानंच दाखवलं, थांब, थांब, आत्ता! तिसऱ्या लाटेनं उचललं. काय सांगू! पार वाळूपर्यंत. किंचाळले मी. परत गेले. किती वेळा ते आठवत नाही.

मग बघते तर मालतीबाई पण पाण्यात, लुगडं गुडघ्यावर. "अगं, मला पण दे की!" दिली. त्या तर बसूनच आल्या.

भरती येते हे दोघींच्या डोक्यातच नाही. घाटावरची माणसं आम्ही, आमचं तळं कुठं वर सरकतं? चार पँटी वाहून गेल्या. त्यांत हे.ची. टॉवेल गुंडाळून बेळगाव गाठलं त्यांनी. बसमधे मला हसू फुटत होतं, ते खोकून दाबलं.

२५ जाने.

मेमो. शिपायाकडनं, सही घेऊन. 'शाळेच्या नावावर पालथे पडून शाळेचा अवमान. पुरुषांदेखत गैरशिस्त. मालमत्तेची हेळसांड. आठ दिवसांत लेखी खुलासा.' पँटीबद्दल अक्षर नाही.

मालतीबाईंना मेमो नाही. तेच पाणी, तीच फळी. त्यांना सवय असेल पाण्याची!

२९ जाने.

मालतीबाई रूमवर आल्या. "दोन ओळी माफी लिही, कायम हो, मग बघू."

"तुम्ही पण होता असं लिहून देता का?"

चहा न घेताच उठल्या. दारात वळून, "माझी पेन्शन आहे गं."

आहे ना. असू दे. पण "मला पण दे की" म्हणताना पेन्शन कुठं होती?

१ फेब्रु.

उद्या अकराला खुलासा. दोन कागद तयार आहेत. एक माफीचा, दोन ओळी, हे.ना हवा तसा. दुसऱ्यावर नोटिशीसारखाच मथळा, 'किनाऱ्यावर केलेल्या गोष्टी'. पाण्यात गेले. पडले. परत गेले. पुन्हा जाईन. खाली सही.

दुपारच्या बसनं आप्पा आले. चष्मा लावून मेमो वाचला, मग दोन्ही कागद, अक्षर अक्षर लावून. मला वाटलं आता म्हणतील, माफी दे पोरी. तयारच होते भांडायला.

"फळी माणसाला पेलती व्हय गं?"

"पेलती."

"माज्यासारक्याला?"

"आप्पा, पाणी कमरेएवढंच असतंय तिथं."

बशीत चहा ओतला, फुंकून प्याले. "मग मला बी ने एकदा."

रडू आलं. रागानंच आलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, आणि पाण्यात जायला मला विचारतोय.

कुठला कागद देऊ ते विचारायचं राहिलं. दोन्ही पर्समधे घातलेत. आप्पा म्हणाले, "सकाळी शाळंपतूर येतो तुज्यासंगं." नको म्हटलं, ऐकत नाहीत.