कोकराच्या कातड्याची पानं

३ सप्टेंबर
आज रुजू झाले. विद्यापीठात दुर्मीळ पुस्तकं मुलांच्या हातात देऊन शिकवणारी पहिली बाई मीच, असं विभागप्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. नेमणूक अर्थात कंत्राटी. वर्ग चालला तर कायम करू, म्हणाल्या. असली आश्वासनं मी उभ्या आयुष्यात इतकी गोळा केलीत की त्यांचं काय लोणचं घालायचंय? तरी आज खूश आहे. वाचनकक्षात भरपूर उजेड, लांबलचक टेबलं, पुस्तक टेकवायला उतरत्या उशा, पान दाबून ठेवायला वजनदार मण्यांच्या कापडी माळा. मुक्काम ताईकडे. तिची मुलगी माझ्याच वर्गात आहे. घरात मावशी, वर्गात मॅडम, असा आमचा करार झालाय.

९ सप्टेंबर
माझ्या आधीच्या प्राध्यापकांना मुलं काचवाले सर म्हणायची. पुस्तकं काचेच्या पेटीत ठेवून लांबून दाखवायचे, म्हणजे दुरून डोंगर साजरे. वनौषधींचं सगळ्यात जुनं हस्तलिखित, कोकराच्या कातड्याच्या पानांचं, ते तर पेटीतसुद्धा झाकलेलं. मी कुलूप काढलं. हातमोजेही बंद केले. हातमोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं, हे आमच्यात आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हात धुवायचे, कोरडे करायचे आणि उघड्या बोटांनी पान उलटायचं. मुलं आधी बिचकली. मग भाचीने अख्खा तळहात टेकवला आणि म्हणाली, हे तर ऊबदार आहे. सगळे हसले, मीही हसले.

१ ऑक्टोबर
वर्गात आता बसायला जागा पुरत नाही. इतर विभागांतले लोक डोकावून जातात. जळोत मेले.
एक चमत्कारिक गोष्ट. पहिल्या पानावर कसरीने पाडलेली भोकं होती. त्यांवर मी अख्खा तास घेतला होता, फोटोही काढलेत. आज तिथे भोकं नाहीत. पान साफ. प्रमुख बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, छान, दुरुस्तीची कटकट वाचली.
घरी भाचीचा फोन तिच्या बोटाने उघडेना. ताई म्हणाली, भांडी घासते मी आणि बोटं झिजतात हिची!

१४ ऑक्टोबर
भाचीने गॅसवरचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. चटका बसला नाही म्हणे. तिचे तळहात उलटून पाहिले. एकही रेष नाही. वर्गात इतरांनाही विचारलं. पेन हातातून कधी गळतं ते कळत नाही, म्हणाले.
मग भिंग घेऊन पान पाहिलं. पानावर रेषा आहेत. बारीक, गोल गोल. एका ठिकाणी अंगठा उमटलाय आणि त्यावर तिरका व्रण. हा व्रण मी ओळखते. भाचीचा अंगठा लहानपणी पत्र्याने कापला, तेव्हा पट्टी मीच बांधली होती.

१६ ऑक्टोबर
काचवाल्या सरांकडे गेले. त्यांचे तळहात कोरे. चिडून विचारलं, कुणाला सांगितलं का नाहीत? म्हणाले, सांगितलं होतं की, आणि तेव्हापासूनच ते नाव पडलं.

१७ ऑक्टोबर
प्रमुख बाईंशी बोलले. म्हणाल्या, तुम्ही दमला आहात. कायम नेमणुकीचे कागद वर गेलेत, अशा वेळी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेऊ नका.
गप्प बसले. हो, बसले. वर्गही घेतला. थू माझ्यावर.

२२ ऑक्टोबर
भाची भरदुपारी वाचनकक्षात एकटी सापडली. उघड्या पानावर गाल टेकवून. म्हणाली, मावशी, हातांना आता काहीच कळत नाही गं, इथे तेवढं कळतं. तिच्या गालावर तीळ होता. आता— नाही. तो पानावर आहे.
मी पान धरलं आणि फाडायला लागले. कोपरा जेमतेम फाटला असेल, ती किंचाळली. तिच्या गालातून रक्त—
फाडता येत नाही. जाळता येणार नाही. पेटीत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली.

२५ ऑक्टोबर
कायम झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पदरातली किल्ली चाचपली.
ताई विचारते, पोरीच्या गालाला काय झालं. काय सांगू? तुझी बहीण कायम झाली, हे सांगू?

२८ ऑक्टोबर
पेटी रिकामी. प्रमुख बाईंकडे दुसरी किल्ली होती.
पानं वाढलीत म्हणे. पुठ्ठ्याबाहेर आलीत, प्रदर्शनात बरी दिसणार नाहीत. म्हणून बाइंडरकडे पाठवलं. कडा छाटून सारख्या करायला. कटिंग मशीनवर—
बाइंडर फोन उचलत नाही. बाई बैठकीत. ताई धावत गेलीय, अजून पोचली नसेल. मी भाचीला धरून बसलेय. एका हाताने लिहितेय—
ती हसली आत्ता. म्हणाली, मावशी, मला काहीतरी लागतंय. खरंच लागतंय. गार आहे.
कुठे, विचारलं. कुठे गं बाळा—
म्हणाली, सगळ्या कडेने—