दवाखान्यामागच्या सभेचे बघे

ओपोलोत दादा,

दारू सोडणाऱ्याला घरच्यांचा आधार लागतो, असं आमच्या सभेत फार गंभीरपणे सांगतात. सांगणाऱ्यांनी तुला पाहिलेलं नाही. सभा दवाखान्यामागे भरते, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. तू ते अजोनोच्या मडक्याभोवती लांब नळ्यांनी दारू चोखत बसलेल्यांना सांगितलंस: "आमचा ओलुका पाणी प्यायला शिकतोय, बघून या!"

आज तुझे चार सोबती खिडकीत दात काढत उभे होते. त्यांना पाहून एक बाई दारातूनच परत फिरली. आठ महिने थेंबालाही न शिवलेली बाई! ती कुठल्या मडक्यापाशी बसायच्या आत तिला गाठायला हवं, म्हणून तुझी सायकल नेतोय. परवानगी मागत नाही.

माझी नळी चुलीत घाल.

तुझे तिघं हसून निघून गेले. चौथा आत येऊन बसलाय. नाव सांगणार नाही.

ओलुका