परमिट रूममध्ये केलेली स्थळाची चौकशी

कन्हेरी, रविवार

चि. श्रीपतीस,

आक्काचा सप्रेम जयभीम. (सत्तावन्न वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण तू माझ्याहून सात वर्षांनी लहान, त्याला माझा इलाज नाही.) माझा गुडघा सोडला तर इथे सगळं क्षेम. तुझी शुगर कशी आहे? भागूचा खोकला थांबला का? फोनच केला असता, पण नवऱ्याचा फोन भागूच उचलते आणि स्पीकरवर ठेवून भाजी निवडत बसते. म्हणून हे पत्र तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर. एकटा असताना वाच.

तू काम सांगितलं होतंस की शेळगावच्या बुद्धघोषचं स्थळ दिशाला पसंत आहे, मुलगा इंदापूरला बँकेत आहे, पण पितो की काय याची खात्री आक्कानं करावी. एक थेंब घेत असला तरी तू नकार कळवणार. त्याच दिवशी दिशानंही मला फोन केला. काही मागितलं नाही, फक्त "आत्या, नीट विचार हं" एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ फोन ठेवेना. मला तू आठवलास. मी पुण्याला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगला निघाले की एसटीच्या दाराशी तू असाच उभा राहायचास, माझ्या फ्रॉकचं टोक धरून.

आता चौकशी म्हणजे आपल्याकडे शेजारी, किराणा दुकान आणि पिठाची गिरणी. पण शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या, "आक्का, गिरणीवाला ग्वाडच बोलणार. पितो का न्हाय ते पाजणाऱ्यालाच इचारावं." मला पटलं. गुरुवारी दुपारी आम्ही बारामतीहून अर्ध्या तिकिटात इंदापूरच्या एसटीत बसलो. (माझ्या पर्समध्ये छत्री, गुडघ्याचं मलम आणि चष्मे दोन.)

स्टँडपासून चालत गेलो त्या पहिल्या परमिट रूमनं आम्हाला पाहताच शटर अर्धं खाली घेतलं. गल्ल्यावरचा माणूस शटरखालून वाकून म्हणाला, "बाई, मोर्चा कवा हाय ते आधी सांगत जावा, आमी सोताच बंद ठिवतो." दोन पोक्त बायका दारूच्या दारात दिसल्या म्हणजे बाटली आडवी करायलाच आल्या, असा त्याचा समज. रंगूबाईंनी समजावलं की आम्ही बंद करायला नाही, आत यायला आलोय. त्यावर त्यानं उरलेलं अर्धं शटरही ओढून घेतलं.

दुसरीकडे मात्र मान मिळाला. वेटरनं 'फॅमिली रूम'मध्ये नेलं. (एक प्लायवूडचा पडदा, एक पंखा, आणि भिंतीवर स्वित्झर्लंड.) लिंबूसोडा मागवला आणि मी मोबाइलमधला फोटो पुढे केला. तोच फोटो, जो तू मला मुलाचा म्हणून पाठवलास आणि ज्यात पाहण्याच्या कार्यक्रमात तू मुलाच्या खांद्यावर हात टाकून उभा आहेस. वेटरनं मुलाकडे पाहिलं, मान हलवली. "ह्यो न्हाय बगितला कदी." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं बोट तुझ्यावर ठेवलं. "ह्ये आपलं सायेब. बुधवारी येत्यात. कोपऱ्यातलं टेबल, शेंगदाणं, वर कांदा न्हाय घालायचा."

श्रीपती, कांदा न घालणारा माणूस आपल्या घराण्यात एकच. रंगूबाई हळूच म्हणाल्या, "पोरगं पास झालं. बाप राह्यला."

तिथेच थांबायला हवं होतं. पण मुलाचं गाव शेळगाव, म्हणून परतीच्या एसटीतून तिथल्या फाट्यावर उतरलो आणि उन्हातून चालत तिसऱ्या ठिकाणी गेलो. फॅमिली रूमचा पडदा सारला, तर आत डोक्यावरून पदर घेऊन एक बाई ताकाच्या पेल्यासमोर बसलेल्या. मुलाच्या आत्या, बनाबाई, पाहण्याच्या दिवशी माझ्या शेजारी बसल्या होत्या त्या. हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये तोच फोटो. दोन्हीकडच्या आत्या एकाच कामावर. क्षणभर कुणी कुणाला ओळख दिली नाही, मग तिघींनी मिळून पंख्याकडे पाहिलं.

तेवढ्यात वेटर आला आणि बनाबाईंच्या मोबाइलमध्ये डोकावला. "ह्यो पोरगा न्हाय येत कदी. ह्ये त्येच्या खांद्यावर हात टाकल्यालं सायेब व्हय? शनवारी असत्यात की."

बनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला दिशाचा तो न ठेवलेला फोन ऐकू आला, आणि कॉन्व्हेंटच्या शांत, स्वच्छ आवाजात मी म्हणाले, "परमिट तपासायला येतात. सरकारी काम."

"दर शनवारी?" बनाबाई.

"लई कडक हायेत," रंगूबाई म्हणाल्या. "बुधवारी इंदापूर तपासत्यात."

वेटर काही बोलायच्या आत मी त्याला मसाला पापड आणायला पिटाळलं. बनाबाईंनी ताक संपवलं आणि म्हणाल्या, "अशी कडक माणसं आता ऱ्हायली न्हाईत." मग आम्ही एकाच एसटीच्या थांब्यावर उभ्या राहून ऊस आणि लेकीसुना यांवर बोललो.

तेव्हा मुलगा निर्व्यसनी आहे, हे खात्रीनं कळवते. भागूला आशीर्वाद.

तुझी,
आक्का

ता. क. रागावले नाही. पण पंचशीलातलं दारूचं पाचवं शील तू मोडलंस, ते झाकताना माझं खोटं न बोलण्याचं चौथं मोडलं. मी बोललेलं आता परत घेता येत नाही, दिशाचं लग्न त्यावर उभं आहे. तू सोडलीस तर निदान माझं खोटं इथून पुढे चालवावं लागणार नाही. एवढं एक मागते.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी बनाबाईंचा फोन आला. त्यांच्याकडून होकार आहे. निरोप जसाच्या तसा देते: "पावन्यास्नी म्हनावं, बुधवार-शनवारची तपासनी आता आमच्याकडं लागली. मी सोता जाऊन बसनार हाय, ताक घिऊन."